उत्तर बाकी

सोमवार, ४ मार्च
आज अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक बाई जिना उतरून हॉस्पिटलच्या तळघरात, माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीत आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं! नुसता फोन पुढे धरला. 'आपले उत्तर अद्याप प्राप्त झालेले नाही. जेवण, स्वच्छता, झोप कशी होती?' म्हणाल्या, "हे शुक्रवारी गेले हो. आता उत्तर कोण देणार?"

माफी मागत राहिले, दुसरं काय करणार. रुग्णांची मतं विचारणारं हे विकतचं सॉफ्टवेअर. आठवणीचा मेसेज कोणाला पाठवायचा नाही, ते त्याला सांगताच येत नाही. कंपनीला फोन केला — "मॅडम, तशी सोय नाही." सोय नाही म्हणे!

बुधवार, ६ मार्च
साहेबांना म्हटलं, ओपन सोर्स घेऊ. "म्हणजे फुकट ते पौष्टिक?" म्हटलं, फुकट म्हणून नाही साहेब, त्याचा कोड उघडा असतो, आपल्याला हवा तसा बदलता येतो. "बघा बुवा, तुमच्या जबाबदारीवर." म्हणजे जमलं तर त्यांचं, फसलं तर माझं.

गुरुवार, ७ मार्च
दोन बसवून पाहिली. पहिलं दिसायला देखणं, पण जोडाक्षरं फुटतात — 'स्वच्छता' वाचताच येईना. दुसऱ्याचं रूप यथातथा, पण मराठी नीट उमटतं आणि कोड वाचला की कळतो. नुसतं रूप घेऊन काय चाटायचंय? दुसरंच घेतलं.

बाबांना चौथ्या मजल्यावर ॲडमिट केलं. फुफ्फुसात पुन्हा पाणी. डॉक्टर नजरेला नजर देत नाहीत.

मंगळवार, १२ मार्च
जमलं एकदाचं! वॉर्डातल्या सिस्टरनी कोणाच्या मृत्यूची नोंद केली, की ती लगेच या नव्या सॉफ्टवेअरला कळते. 'उत्तर बाकी' या यादीतून ते नाव आपोआप निघतं, मेसेज जात नाही. म्हणजे नाव निघायच्या वाटा दोनच — उत्तर आलं तर, नाहीतर माणूस गेला तर.

मेसेजही बदलला. 'उत्तर प्राप्त झालेले नाही' — वसुलीला आल्यासारखं! आता लिहिलंय, 'आज बरं वाटतंय का? सवड झाली की सांगा.' मोठ्या सिस्टरना दाखवलं. चष्मा काढून पुसत बसल्या. "फार बरं केलंस गं."

शुक्रवार, १५ मार्च
बाबांपुढे हात टेकले! रोज सकाळी माझा मेसेज जातो आणि रोज 'उत्तर बाकी'त पहिलं नाव त्यांचंच. आज वर जाऊन भांडलेच.

"अहो बाबा, पाच तर प्रश्न आहेत. देऊन टाका ना!"

"नाही देणार."

"पण का?"

ऑक्सिजनची नळी सारखी करत म्हणाले, "दिलं की विचारायचं बंद होईल. तू येतेस ती औषधं घेतली का, रिपोर्ट आले का करत. बरं वाटतंय का, हे तुझा तो मेसेजच विचारतो."

जिन्यात बसून रडले. मग परत वर गेले आणि तोंडाने विचारलं. "आज जरा बरं आहे," म्हणाले.

रविवार, १७ मार्च
बाबा जेवले नाहीत. मला भीती वाटतेय.

मंगळवार, १९ मार्च
सकाळी वर बाबा झोपले होते. उठवलं नाही. खाली येऊन आधी बाकीची कामं उरकली, मग 'उत्तर बाकी' उघडलं. पहिलं नाव दुसऱ्याच कोणाचं! हसूच आलं — दिलं वाटतं म्हाताऱ्याने एकदाचं उत्तर! काय लिहिलंय बघू, म्हणून आलेली उत्तरं उघडली. वरून खाली पाहिली. खालून वर पाहिली. बाबांचं उत्तर नव्हतं.

मोठ्या सिस्टर जिना उतरून दारात आल्या, तोवर मी उठून उभी राहिले होते.