पायाखालची ठोकठोक

२ मार्च १९१६
पोहोचलो एकदाचा शिखरावर! खाली चिखलात लोळण्यापेक्षा हे झकास. खडकात कोरलेली खोली, शेगडी, गरमागरम पोलेंटा, म्हणजे मक्याची घट्ट लापशी. आचारी व्हिगील महाबोलका. युद्ध कसं पेटलं ते त्याने वाढता वाढता समजावलं: भांडण आपलं आणि सर्बियाचं, पण सर्बियामागे रशिया, रशियामागे फ्रान्स, आपल्यामागे जर्मनी, लग्नात दोघांची जुंपावी आणि दोन्हीकडच्या सोयऱ्यांनी बाह्या सरसावाव्यात, तसं. इटालियन तर आपल्याच गोटातले, पण रशिया-फ्रान्सवाल्यांनी त्यांना आमचा मुलूख देऊ केला, म्हणून गेले तिकडे. माझी आत्या तिकडेच दिलीये, हे मी बोललो नाही.

५ मार्च
पायाखाली ठोकठोक ऐकू येते. नाईक कासियान पूर्वी खाणीत होता. त्याने सरळ सांगितलं, इटालियन खालून भुयार खणतायत, सुरुंग लावून शिखरच उडवणार.  बदलीची तुकडी येईपर्यंत जागा सोडायची नाही, असा हुकूम आहे. कासियान म्हणाला, "ठोकतायत तोवर खुशाल झोप. थांबले, की समज सुरुंगात दारू भरतायत." व्हिगील म्हणाला, मी बायकोच्या आवाजाकडेही कधी इतका कान दिला नव्हता.

९ मार्च
दिवसभर आवाज नाही. पोलेंटा तसाच गार झाला.

१० मार्च
ठोकठोक पुन्हा सुरू! व्हिगील चक्क रडला, सगळ्यांना रम वाटली. पोटभर झोपलो.

१३ मार्च
आमच्या खोलीखालच्या बोगद्यात कासियान खडकाला कान लावून बसतो. त्याला जेवण द्यायला गेलो. आवाज इटालियनांचा नव्हताच. तोच हातोड्याने खडक ठोकत होता. म्हणाला, ते नऊ तारखेलाच थांबले. पोरांना झोपू दे. कळलं तर पळतील, आणि पळणाऱ्याला आपलेच गोळी घालतात.

१४ मार्च
व्हिगीलने विचारलं, येतोय ना रे आवाज? हो म्हटलं.  भीती वाटते, फार—

१५ मार्च
कासियानचे हात सोलपटलेत. आता मी ठोकतोय. एका हाताने ठोकतो, एका हाताने लिहितो. थांबलो, की वर पोरांचं गाणं थांबतं—

वर आरडाओरडा. बदली आली! चढतायत. व्हिगील हाका मारतोय. आणि कासियान म्हणतो, हातोडा त्यांच्यातल्या कुणाला तरी दे, नि उतर—

नाही देणार. ओरडून सांगतो त्यांना, चढू नका—

हातोडा खाली ठेवला, आता वर सगळ्यांनाच कळेल. केवढी शांतता—