सोमवारची भोवळ

सोमवार, ३ तारीख

मुलगा पुन्हा अकरालाच दुकानातून घरी. डोकं धरून! यंत्राचं झाकण उघडलं की भोवळ येते म्हणे. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगचं ते रसायन – आम्ही त्याला औषध म्हणतो – मी एकतीस वर्षं हुंगलं. मेले का? पंचेचाळिशीचा घोडा झालाय, आणि सून ओला रुमाल घेऊन मागे मागे.

'आई, मला नाही सोसत. दुकान विकून टाकू.'

नाही सोसत! सवय होईपर्यंत दम धरायला नको? मी आहे तोवर दुकान विकायचं नाही. सांगून टाकलं.

मंगळवार, ४

लोक कुत्री पाळतात, माझी नात प्रयोगशाळेत जंतू पाळते. त्याचा पगार मिळतो तिला. दुकानामागे मोरी आहे. आम्ही यंत्रातला गाळ तिथेच ओतत आलो. तिथला चिखल नेला होता तिने. औषधात माणूस गुदमरेल, पण त्या चिखलातले जंतू त्यात मजेत राहतात म्हणे. फक्त प्रयोगशाळेत नेल्यापासून बिनसलंय. औषध ओतलं की पटापटा मरतात. पोरगी तोंड पाडून बसली होती.

गुरुवार, ६

विचारलं, खायला काय घालतेस त्यांना?

'साखरेचं पाणी, आजी. महिनाभर.'

आणि मग?

'मग एकदम औषध.'

शिकलेली गाढवं! अगं, एका रविवारच्या सुट्टीने माझं अंग सगळं विसरायचं. सोमवारी सकाळी मलाही गरगरायचं. मंगळवारी त्रास निम्मा, बुधवारी काही नाही. म्हटलं, रोज थेंब थेंब दे, मग ओत काय ओतायचं ते. सोळा वर्षं शाळा-कॉलेजात घातली हिने, आणि अक्कल चौथी नापास म्हातारीने द्यायची.

बुधवार, १२

जगले! नात चपलेसकट आत आली नाचत.

काय करतात ते मला समजेल असं सांग म्हटलं. तिने कपाटातले तारेचे हँगर काढले. जंतूच्या अंगावरची साल म्हणजे तेलाचा पापुद्रा. त्यातली काही तेलं वाकड्या हँगरसारखी. खोक्यात भरली की मधे फटी राहतात, त्यातून औषध आत घुसतं. विष लागलं की जंतू तीच वाकडी तेलं सरळ करतो. सरळ हँगर कसे एकाला एक चिकटून बसतात! तरी शिरलंच थोडं, तर आतून उपसून बाहेर फेकतो. सगळा जीव त्यातच जातो, म्हणून वाढतो मात्र सावकाश.

जेवताना मुलाला ऐकवलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याला जमतं ते तुला जमत नाही?

तो ताट सारून उठला. सून म्हणाली, 'काकूंनाही असंच गरगरायचं ना?'

काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ. नऊ वर्षं माझ्याबरोबर त्याच यंत्रावर होती. काविळीने पिवळी पडून गेली. सुनेला म्हटलं, ती मुळातच किरकोळ होती. हेच मी सगळ्यांना सांगत आले.

गुरुवार, १३

सोमवारची भोवळ याला गुरुवारीही येते. नाटकी!

शनिवार, १५

नातीला म्हटलं, तुझ्या बापाला ने एकदा तुझे जंतू दाखवायला. लाज वाटेल जरा.

ती हसली नाही. 'आजी, हजारातला एखादाच जगला.'

परवा तर सगळे जगले म्हणून नाचत होतीस!

'आधी एकही जगत नव्हता, म्हणून नाचले. जगले ते वाढतात, बाटली पुन्हा गढूळ होते. बघणाऱ्याला वाटतं, सगळ्यांना जमलं. मेलेले कुठे दिसतात?'

मेले ते किरकोळ असतील, म्हटलं.

'नाही गं. सगळे एकाच जिवापासून झालेले. हुबेहूब सारखे. कोण जगेल ते आधी सांगताच येत नाही.'

अर्धवट शिकलेली पोरगी. काहीही बोलते.

रविवार, १६

झोप नाही.

सोमवार, १७

दुकानाची किल्ली कमरेला खोचून बसले. मुलगा शर्ट घालून दारात उभा. 'आई, किल्ली दे. उशीर होतोय.' म्हटलं, चहा पी. 'अगं पण दुकान?' म्हटलं, विकायचंय ना तुला? मग गप चहा पी.

धाकटी किरकोळ नव्हती. औषधात भिजलेल्या कोटांची टोपली ती एकटी उचलायची. माझ्याने ती टोपली जागची हलायची नाही.