सीटखालचा मोजा

बाबा,

ट्रक आणून लावलाय, किल्ली नेहमीच्या खिळ्याला आहे. जूनीला घेऊन मी घरी चालले. जेवायला थांबले असते तर तोंडाला येईल ते बोलले असते, म्हणून लिहून ठेवतेय.

चर्चच्या आवारात वळताना करकचून ब्रेक दाबावा लागला आणि तुमच्या सीटखालचा तो मोजा सरकत मागे गेला. मी उतरून मागचं दार उघडेपर्यंत जूनी पट्टा सोडून खाली उतरली होती. हातात पिस्तूल, नळी स्वतःच्या छातीकडे. म्हणते, "आई, आजोबांचं हे पडलं." चार वर्षांची पोर!

प्रार्थनेला जाताना तुम्ही ते ट्रकमध्येच ठेवता, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्या वाढदिवसाला मी कुलपाची लोखंडी पेटी दिली, हॉइटकाकांनी ती सीटमागे बोल्ट मारून पक्की बसवली. आज उघडून बघते तर आत तुमचे कॅटफिशचे गळ! का, तर तळ्यावर चोरीला जातात. गळांना कुलूप आणि भरल्या पिस्तुलाला मोजा! धन्य आहे तुमची.

पिस्तूल रिकामं करून पेटीत ठेवलंय. पेटीची किल्ली माझ्याकडे आहे. हवी असेल तर घरी या आणि जूनीच्या समोर मागा.

गळ तुमच्या आरामखुर्चीच्या गादीखाली ठेवलेत. बुडाखाली ठेवलं की काही होत नाही, असं तुम्हीच म्हणता ना? मग बसा आता निवांत.

ट्वायला