अर्ध्या भाड्यात बंगलोर

४ ऑक्टोबर १९७७, मंगळवार
दाक्षायणीचं पत्र आलं. इनलँड. चारदा वाचलं. मजकूर पाच ओळींचा. दावणगिरीचं स्थळ आलंय, मुलगा इंजिनिअर, तीस तारखेला साखरपुडा. त्याच्या आत ये, अप्पांच्या समोर बसून बोल, आईला मी सांगून ठेवलंय. बस्स.

म्हणजे सव्वीस दिवस. भरपूर.

त्या इंजिनिअरला बघून घेईन. हात उचलणार नाही. नुसतं बघेन, त्यातच समजेल त्याला.

प्रश्न एवढाच, जायचं कसं. गेल्या वर्षी तिचे अप्पा, शिवलिंगप्पा, सुताचं दुकान बंगलोरला घेऊन गेले तेव्हा अख्खी गल्ली त्यांना निरोप द्यायला जमली होती. टांग्यात चढता चढता म्हणाले, आमचा जावई विमानातून उतरणारा असेल. सगळे हसले. मी हसलो नाही. अट लक्षात ठेवली.

ठराव : विमानानंच जायचं. पण उधळपट्टी नाही. पैसे फेकून विमानात कुठलंही गाढव बसतं. कमीत कमी पैशात बसणाऱ्याला डोकं लागतं, आणि व्यापारी सासऱ्याला डोकंच दाखवायचंय.

५ ऑक्टोबर
आईला बेत सांगितला. भाकरी थापत होती. म्हणाली, “संध्याकाळच्या गाडीत बस की. गुंटकलला बदलली की उद्या बंगलोर. तिकिटापुरतं माझ्याकडं हाय.” मी काळ बदलल्याचं समजावलं. तिनं विचारलं, विमान सोलापुरातनं सुटतंय व्हय. म्हटलं नाही, हैदराबादहून. मग हैदराबादला कसा जाणार? म्हटलं, रेल्वेनं. त्यावर तिनं भाकरी उलटली. तिच्या या न बोलण्यानंच माझं डोकं फिरतं.

दुपारी नव्या पेठेतल्या एजंटकडं. पूर्ण भाडं दोनशेच्या घरात. उठलो. तेवढ्यात तो म्हणाला, विद्यार्थी असाल तर निम्मं. प्राचार्यांची सही-शिक्का लागेल. मी आहे म्हणून सांगितलं. यात खोटं नाही. मी कॉलेज सोडलंय, कॉलेजनं मला सोडल्याचं कुठं कळवलंय?

८ ऑक्टोबर
सोडलंय. नाव ऑगस्टमध्येच कमी केलं. जुलैत मी बोर्डावरची गैरहजेरीची यादी फाडून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली होती आणि जरा मोठ्यानं बोललो होतो, ते यांच्या अजून मनात आहे. मोठ्या माणसांनी एवढं कोतं असू नये.

प्राचार्य म्हणाले, लेखी माफी, टर्मची फी आणि दंड, मग सही. म्हटलं, मी माफी मागायला आलो नाही, सही मागायला आलोय. त्यांनी घंटी वाजवली. बिरदेव शिपायानं माझं कोपर धरून बाहेर आणलं आणि पाणी दिलं. म्हणाला, “द्या की दोन ओळी लिहून. न्हायतरी पेपरात तुमी काय खरं लिवत हुता?”

माफी मागणार नाही. हा शेवटचा शब्द.

१० ऑक्टोबर
माफी लिहून दिली. पण लिहिताना मनात ठेवली नाही, त्यामुळं ती धरता येत नाही.

फी आणि दंडासाठी सायकल विकली. एमआयडीसीत निंगप्पा शेठच्या लूमवर कामाला आता पायी जायचं. व्यायाम होईल.

फॉर्म भरताना मात्र खरी हुशारी झाली. सवलत फक्त कॉलेज ते घर एवढ्यालाच मिळते. म्हणजे घर बंगलोरला पाहिजे. पालकाच्या रकान्यात लिहिलं : शिवलिंगप्पा, सुताचे व्यापारी, चिकपेट, बंगलोर. नातं : मामा. आमच्यात सासऱ्याला मामाच म्हणतात. काना-मात्रेचंही खोटं नाही.

कारकुनानं पत्ता नीट उतरवून घेतला. माणूस कामाचा वाटला.

१३ ऑक्टोबर
घरोघर घट बसले. आईचा उपास, माझाही. तिचा देवासाठी, माझा विमानासाठी. चहा बंद. कारखान्यात दुपारचं जेवण बंद. चालून चालून चपलेचा अंगठा तुटला, तारेनं बांधला.

राजेसाब भेटला. दर आठवड्याला चादरींचा ट्रक घेऊन बंगलोरला जातो. लहानपणापासूनचा दोस्त, पण व्यवहारज्ञान शून्य. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चन्नू, शंभर वाचवायला दीडशेची फी भरलास? ऊपर से सायकल गेली?” मग म्हणाला, माझ्याबरोबर चल, फुकट, चिकपेटच्या नाक्यावर सोडतो. मी म्हटलं, मी चादरीचा गठ्ठा नाही. ट्रकमधून उतरणाऱ्याला पोरगी कोण देतं? तो म्हणाला, मला दिली की. त्याच्या बायकोचं, अजीजाचं, आणि आमचं वेगळं आहे. हे त्याला तोंडावर सांगितलं. बोलणं बंद.

१७ ऑक्टोबर
सही-शिक्का झाला. फॉर्म घेऊन धावत एजंटकडं. तो चष्मा लावून मागची बाजू वाचू लागला. मागच्या बाजूला काही असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सवलत फक्त सुट्टीत. दिवाळीची सुट्टी पाच नोव्हेंबरपासून.

काउंटरवर हात आपटला. काच मजबूत निघाली. बोटं सुजलीत म्हणून अक्षर असं.

मग थंड डोक्यानं विचार केला. दोनच वाटा. एक, दुप्पट भाडं देऊन आधी जायचं. दोन, साखरपुडा सात दिवस पुढं न्यायचा. दुसऱ्यात कुणाचा एक पैसा खर्च होत नाही. पाच तारखेचं तिकीट काढलं.

दाक्षूला लगेच सविस्तर पत्र. सवलतीचा नियम, पूर्ण भाडं, निम्मं भाडं, होणारी बचत, सगळं मांडून दाखवलं. साखरपुडा सहा तारखेला ठेवायला अप्पांना सांग. पाचला दुपारी विमानतळावर सगळ्यांनी यावं, म्हणजे मी उतरताना त्यांना दिसेन. प्रेमाचं असं काही लिहायला जागा उरली नाही.

२४ ऑक्टोबर
उत्तर आलं. आहे तसं उतरवून ठेवतो.

“साखरपुडा पुढे जाणार नाही. अप्पा ऐकून घ्यायला तयार आहेत, पण तू समोर पाहिजेस. रेल्वेनं ये. सव्वीसपासून रोज सकाळी मी स्टेशनवर येईन. विमानाचं लग्नानंतर बघू.”

पुन्हा पुन्हा वाचलं. अर्थ स्वच्छ आहे. विमानाचं लग्नानंतर बघू, म्हणजे एक, विमान तिला मान्य आहे. दोन, लग्न कुणाशी हे गृहीतच आहे. पुढे जाणार नाही असं मुली म्हणतातच. लगेच हो म्हणाल्या तर घरात मान राहत नाही.

तिकीट रद्द केलं तर कापून परत मिळतं. कापून! ज्यासाठी सायकल गेली, माफी गेली, ते कापून घ्यायचं?

आईनं पत्र वाचून दाखवायला सांगितलं. शेवटचं वाक्य वाचलं.

२६ ऑक्टोबर
राजेसाब सकाळी ट्रक घेऊन गल्लीत आला. बोलणं बंद असताना. आईनं सांगितलं असणार. दाराशी गाठोडं तयार : धुतलेला सदरा, शेंगांच्या पोळ्या, दाक्षूच्या आईसाठी एक चादर. मी मागच्या दारी आंघोळीला बसलो होतो. त्यानं तीनदा हॉर्न दिला. बादली भरलेली होती, पाणी वाया घालवणं मला पटत नाही. सावकाश संपवलं. मग दुसरी भरली.

बाहेर आलो तेव्हा ट्रक गेला होता. गाठोडं आईनं आत नेऊन सोडलं होतं. पोळ्या ताटात वाढल्या. म्हणाली, “उद्यापतूर वास येतोय. खा.”

चार खाल्ल्या. विमानाचा उपास मोडला. असो, भाड्याचे पैसे भरून झालेत.

२९ ऑक्टोबर
आज ती स्टेशनवर आली नसेल. काल-परवाही नसेल. मुलीच्या जातीला एकटीला रोज स्टेशनवर कोण सोडतं? ते लिहायचं म्हणून लिहिलेलं.

निंगप्पा शेठनी दुपारी हटकलं. माझ्या लूमवर दोन हात चादर बिनरंगाची विणली गेली होती. लाल धागा तुटला ते मला दिसलंच नाही. शेठ म्हणाले, लक्ष कुठाय. मी उलट बोललो. पगार कापला.

३० ऑक्टोबर, रविवार
कारखाना बंद. तार आली नाही. म्हणजे साखरपुडा पुढं गेला. झाला असता तर कळवलं असतं.

आईनं सकाळी विचारलं, आज तारीख कुठली. सांगितली. दुपारी पुन्हा विचारली. मी तांब्या फेकला. तिनं उचलून पोचा बघितला, आणि जागेवर ठेवला.

संध्याकाळपर्यंत तार नाही. नक्की पुढं गेला.

५ नोव्हेंबर, हैदराबाद, विमानतळ
रेल्वेनं हैदराबाद. रात्रभर उभा. आलो एकदाचा.

हॉलमध्ये सगळे लोक पूर्ण भाड्याचे दिसतात. चेहऱ्यावरूनच मूर्ख वाटतात. माझं तिकीट बघून बाई म्हणाली, स्टुडंट? मी ताठ मानेनं यस मॅडम म्हणालो. वजन केलं तर माझं सामान साडेतीन किलो. वीस नेता येतं. साडेसोळा किलो वाया. आधी कळलं असतं तर निंगप्पा शेठच्या चादरी नेऊन भाडं काढलं असतं. पुढच्या वेळी.

६ नोव्हेंबर, बंगलोर, स्टेशन
कालचं लिहितो.

जागा मधल्या वाटेकडची मिळाली. खिडकीत एक जाड माणूस, तो झोपला. मला त्याचं पोट आणि त्यापलीकडं पांढरं दिसलं. एक बाई खाण्याचे ट्रे घेऊन आली. किती पडतील हे विचारायचं कसं? नको म्हणालो. जाड माणूस जागा झाला, त्याचा खाल्ला, माझाही मागून घेतला. पैसे कुणीच मागितले नाहीत. भाड्यात होतं म्हणे.

विमानतळावर कुणी आलं नव्हतं. तासभर थांबलो. मग चिकपेट विचारत पायी निघालो. खिशात बससाठी होते, पण एवढं वाचवून शेवटी बसवर कशाला घालवायचे. दोन-अडीच तास. चपलेची तार अंगठ्यात रुतली. पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दाक्षूच्या आईनं दार उघडलं. पायांकडं बघून विचारलं, कुठल्या लॉरीनं आलास?

दारावर आंब्याच्या पानांचं तोरण. पानं वाळून गोळा झालेली. सहा दिवसांत एवढीच वाळतात.

शिवलिंगप्पांनी पाटावर बसवलं. पाय धुवायला पाणी देवविलं. सोलापूरची चौकशी केली, सुताचा भाव विचारला. मी म्हणालो, विमानानं आलो. ते म्हणाले, हो, माहीत आहे. आणि उठून फडताळातून एक कागद आणला. कॉलेजच्या कारकुनानं पालकाला पाठवलेला. आपला पाल्य चनबसप्पा यास लेखी माफी व दंड घेऊन पुन्हा प्रवेश दिला आहे. सुट्टीतील विमान सवलतीसाठी त्याचा अर्ज आला आहे. यापुढे हजेरीवर लक्ष ठेवावे. तारीख दहा ऑक्टोबर.

“हे आम्हाला चौदालाच आलं,” ते म्हणाले. “तरी मी पाहुण्यांना तीसला दुपारपर्यंत बसवून ठेवलं. पोरगी म्हणत होती, येतो तो, तापट आहे पण येतो.”

मी नियम सांगायला सुरुवात केली. सवलत सुट्टीतच, सुट्टी पाचपासून, पूर्ण भाडं इतकं, निम्मं इतकं.

दाक्षायणी ताट घेऊन आली. हातात नव्या बांगड्या. ताट माझ्यापुढं ठेवलं, सरळ केलं, मीठ वाढलं. मी वर बघेना तेव्हा म्हणाली, “सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. अप्पाच सोडायला येत होते. गाडी रिकामी होईपर्यंत थांबायचो.”

आत गेली. तिच्या आईनं भात आग्रह करून वाढला. भूक होती. जेवलो. हे लिहून ठेवायला पाहिजे की मी जेवलो.

निघताना शिवलिंगप्पा दारापर्यंत आले. वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो, मला ते जमतं. त्यांनी रेल्वेच्या भाड्याचे पैसे माझ्या खिशात ठेवले. म्हणाले, “पालक म्हणून माझं नाव घातलंत, तेव्हा सांगतो. फी भरलीय, तर कॉलेजला जात जा.”

इंजिनिअर कसा दिसतो ते विचारायचं राहिलं.

८ नोव्हेंबर, सोलापूर
घरी पोचलो. आईनं पाणी तापवलं, पायाला हळद लावली. मग भाकरी वाढताना विचारलं, काय झालं रे तिकडं.

म्हटलं, विमान वेळेवर पोचलं.