चार स्पेस, एक दात

४ मार्च, सोमवार
संकल्प : यापुढे हात उचलायचा नाही. मुळात मी शांत माणूस. परवा दाढीला, म्हणजे टीममधल्या त्या दाढीवाल्याला, डस्टर लागलं ते मी फळ्याकडे फेकलं होतं. मध्ये डोकं आणायची त्याला गरज नव्हती.
मुद्दा साधा आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये नऊ लाख ओळी, त्यात तीस जणांचे हात. ओळ आत सरकवायची तर चार स्पेस द्याव्यात. सुसंस्कृत माणसं तेच करतात. दाढी आणि त्याची टोळी एकदाच टॅबची कळ मारते. शुक्रवारी मॅनेजरबाई एक पद्धत ठरवणार, नवा टीम लीडही नेमणार. म्हणजे मीच. बायकोला सांगून टाकलं.

५ मार्च
मीटिंग. मी तेवीस मुद्दे नेले होते. तिसऱ्यालाच दाढी म्हणाला की चार वेळा स्पेस मारणारी माणसं रिकामटेकडी असतात. मी संयम राखला. कीबोर्ड त्याच्या खांद्यावर मोडला, पण तो जुनाच होता. त्याने तोंडावर खुर्ची घातली. माझा पुढचा दात टेबलाखाली गेला. कोडमधल्या चुका शोधणाऱ्या आमच्या टेस्टरने तो शोधून कागदात गुंडाळून दिला.
नैतिक विजय माझा.

६ मार्च
डेंटिस्ट म्हणाला, आठवडाभर तोंड उघडू नका. बायकोचं म्हणणं, हे कालच कोणी सांगायला हवं होतं. मग तिने विचारलं की स्पेस काय नि टॅब काय, स्क्रीनवर फरक काय दिसतो? काहीच दिसत नाही, हे कबूल करावं लागलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुकच असावं.

७ मार्च, सकाळी १०
दाढीने माझ्या फाइलमध्ये टॅब घातले. खाली जाऊन त्याच्या स्कूटरला लाथ मारली. स्कूटर वॉचमनची निघाली. डावा डोळा बंद.

दुपारी ३
चर्चा बास. एका छोट्या प्रोग्रॅमने नऊ लाख ओळी एका फटक्यात चार स्पेसवर आणल्या. कोणाला विचारलं नाही. शेवटचा हात माझा, म्हणून सिस्टिममध्ये आता प्रत्येक ओळीसमोर माझंच नाव. अकरा वर्षांचा कोड, आणि सगळीकडे मी. उरलेल्या डोळ्यात पाणी आलं.

८ मार्च, शुक्रवार
बाईंचा निकाल : झालंच आहे तर चार स्पेस. दाढीने हात मिळवला, जरा जोरातच. करंगळी सुजली. लीडचं नंतर बघू म्हणाल्या. औपचारिकता असते.

११ मार्च, सोमवार
इनबॉक्समध्ये चारशे बारा बग, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त करायच्या चुका. ज्याचं नाव ओळीसमोर, बग आपोआप त्याच्याकडे, असा आमचा नियम. दोन वर्षांपूर्वी मीच भांडून लावून घेतला. तेव्हा दाढीचं नाक मोडलं होतं.
बाईंना म्हटलं, माझा बदल मागे घेऊ या. दाढीने कडाडून विरोध केला. म्हणाला, टीमची शिस्त आहे, चार स्पेसच हव्यात.

१५ मार्च
बग एक हजार नव्वद. सगळे माझे, त्यातले बरेच दाढीने लिहिलेले.
दाढी लीड झाला. बाई म्हणाल्या, अख्ख्या टीममध्ये त्याच्या एकट्याच्या नावावर एकही बग नाही. बाकीच्यांच्याही नाही, असं टेस्टर हळूच म्हणाला. मग बाईंनी दुरुस्त केलं : मी सोडून कोणाच्याच नाही.
बायकोचे माहेरी पेढे वाटून झालेत.
आठवडाभर हात मात्र उचलला नाही. दोन्ही कीबोर्डवर अडकलेत. संकल्प पाळला.