पहिली उडी मॅनेजरच्या घरची

सोमवार, २ सप्टेंबर
पोचले बाई एकदाची! ब्रिस्बेनहून नऊ तास गाडी हाकली, वाटेत माणसांपेक्षा मेलेले कांगारूच जास्त. पण घर झकास आहे. गावच्या स्विमिंग पुलाच्या कुंपणातच दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट पाणी दिसतं. सध्या ते हिरवंगार आहे, पण आठवड्यात निळं करून दाखवते. बारा वर्षं लोकांचे पूल साफ केलेत, उगाच नाही.

शाळेच्या सुट्टीत ब्रोनी येईल. डीनची अट अशी, की इथलं बस्तान नीट दिसलं तरच पोरगी माझ्याकडे राहणार. बघच म्हणावं तुझ्या बायकोनं, म्हणजे माजी बायकोनं, काय केलंय ते!

पूल समितीची नोलीन लॅमिंग्टन केक घेऊन आली. तिचं खाटकाचं दुकान आहे. अर्जात मुलीचा उल्लेख होता म्हणून तुलाच निवडलं, असं हसत म्हणाली. एकवीस तारखेला पूल उघडायचा, आणि हंगामातली पहिली उडी मॅनेजरच्या घरची, ही इथली रीत. नऊ वर्षांची माझी ब्रोनी नाचेल हे ऐकून.

बुधवार, ४ सप्टेंबर
जुना मॅनेजर क्लॅरी किल्ल्या द्यायला आला. एकतीस वर्षं त्यानं हा पूल चालवला. बायको नाही, मूल नाही. डाव्या हाताला नुसता अंगठा उरलाय. बाकीची बोटं कुठे गेली विचारलं, तर पंपानं खाल्ली म्हणाला, आणि हसलाच नाही. वर बजावलं, पंप पाणी ओढेनासा झाला तर स्वतः खटपट करू नकोस पोरी, मला हाक मार. मी हो हो केलं. म्हाताऱ्यांना वाटतं, त्यांच्यानंतर कुणाला काही येतच नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर
पंप नुसता गुरगुरतो, पाणी ओढत नाही. सगळं ओळीनं तपासलं. पुलाची पातळी बरोबर. पंपाच्या भांड्यातली जाळी काढली, तर तिच्यात केसांचा बोळा, लांब, सोनेरी, ओला. पूल सहा महिने बंद होता म्हणे. झाकणाचं रबरी कडं बदललं, ग्रीस लावलं, भांडं बादलीनं काठोकाठ भरून झाकण आवळलं आणि दाबाचा काटा बघितला. काटा शून्यावरच. क्लॅरीला नाही बोलवणार.

सोमवार, ९ सप्टेंबर
कुठून तरी हवा शिरत असणार. ते शोधायचा साधा उपाय म्हणजे दाढीचा फेस. सांध्यांवर लावायचा, जिथे गळती तिथे तो आत ओढला जातो. तळाच्या पाइपाच्या सांध्यात फेस आत गेला. सापडलास लेका, म्हटलं! पंप बंद केला, वायर काढली, पाना घेऊन बसले.

फेस बाहेर आला. मग आत गेला. मग बाहेर. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला अठरा. झोपलेल्या ब्रोनीचे श्वास मी असेच मोजायची.

गुरुवार, १२ सप्टेंबर
पंपाच्या आतल्या पंख्यात काहीतरी अडकलं होतं. वायर काढून हात घातला. छोटा, पांढरा दात निघाला. दुधाचा. दचकून हात ओढला तर पंखा फिरला, आपोआप, आणि तळहात फाटला. सात टाके.

रक्त भांड्यात पडलं आणि काटा झपकन वर. दुपारपर्यंत पाणी निळंशार. लाज वाटते लिहायला, पण मला आनंद झाला.

सोमवार, १६ सप्टेंबर
काटा पुन्हा शून्य. शेवटी क्लॅरीला बोलावलं. त्यानं माझी पट्टी उचलून टाके बघितले. चव दाखवलीस, म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. पुलाच्या तळाच्या जाळीखाली जे आहे ते दर हंगामाला मॅनेजरच्या घरचं एक माणूस मागतं. त्याच्या आधीच्या मॅनेजरची मुलगी पहिल्या उडीला गेली ती वर आलीच नाही. काठावर गाव टाळ्या वाजवत होतं. क्लॅरीच्या घरी कुणी नव्हतं, म्हणून त्यानं चार बोटं दिली, बाकीची वर्षं नोलीनच्या मेंढरांच्या रक्तावर काढली. आता त्याचं मेंढरांवर भागत नाही. म्हणून समितीनं त्याला काढलं आणि लेकुरवाळी शोधली. मी.

तू पोरीला इथे आणू नकोस, लांब जा, मी याला गप्प करतो, म्हणाला, आणि उजवा हात भांड्यात घातला. प्लग माझ्या हातात होता. देवाशपथ, माझ्या हातात होता. तरी पंखा फिरला. कोपर गेलं. खांदा गेला. हाडं मोडल्याचा आवाज— मी त्याचे पाय धरून ओढत होते. भिंतीवर, माझ्या तोंडात, सगळीकडे रक्त. क्लॅरी माझं नाव घेत होता.

मंगळवार, १७
नोलीननं होजपाइपनं फरशी धुतली. फौजदारानं लिहिलं, हृदयविकार. काटा शून्यावरच. जून मांस नको असतं त्याला, असं नोलीन म्हणाली, दुकानात बोलते तशी.

गुरुवार, १९
गाडीचे चारही टायर फाडलेत. फोनची तार कापली. हातोड्यानं पंपाचा चुरा केला. सकाळी अखंड.

शुक्रवार, २०
नोलीन सांगून गेली, डीनशी बोलणं झालंय, किती छान माणूस! ब्रोनी बसमध्ये बसलीसुद्धा. उद्या दहाला पोचेल.

बसथांब्यावर जाऊ देत नाहीत. फाटकाशी सहाजण आहेत. एकाच्या हातात बंदूक.

शनिवार, २१
डाव्या हातानं लिहितेय. उजवा दिला. मनगटापर्यंत. मीही याच घरची ना? मग मला घे, म्हटलं—

काटा वर गेला! पट्टा आवळलाय, रक्त थांबत नाही, पण काटा वर आहे. पोट भरलं असेल. भरलंच असेल.

बाहेर टाळ्या. मी पंपघराला आतून कडी— नाही, कडी बाहेरून आहे. त्यांनी घातली. दार हलत नाही, एका हातानं—

काटा खाली येतोय.

खिडकीच्या फटीतून दिसतेय. पिवळा पोहण्याचा पोशाख, मीच घेतलेला. काठावर उभी. नोलीननं तिची वेणी सोडली. हाका मारतेय मी, टाळ्यांत ऐकू— ब्रोनी, नको—

उडी.

काटा शून्य. वर येऊन हात हलवतेय. हसतेय. मला शोधतेय. आई, म्हणते, बघ ना, खालून कुणीतरी माझे केस