मानकोलीत जागा नाही

२ डिसें. ९४, शुक्र.
लूमला सुट्टी, म्हणून सलीमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात रेकॉर्डिंग. आठवड्यातला हा एकच शांत दिवस. नाताळचा रॉक अल्बम, आठ गाण्यांची एकच गोष्ट: योसेफ आणि दिवस भरलेली मरिया आमच्या मानकोली नाक्यापासून दारोदार जागा मागत फिरतात, कुणी देत नाही, बाळ शेवटी लूमच्या कारखान्यात जन्मतं. शब्द-चाल-गिटार मी, ड्रम सलीम, गाणार फिलीप. बँडमधला एकटा ख्रिश्चन तोच, पण नाताळ तुझ्यापेक्षा मला जास्त कळतो, असं त्याला सुनावलं. हसला. त्याचं हे हसणं डोक्यात जातं.

९ डिसें.
फि.ला घरमालकाने खोली सोडायला सांगितली. मुलाचं लग्न आहे म्हणे. टेक संपल्यावर माझ्याकडे आला. "सुध्या, नाताळपर्यंत तुमच्या माडीवर राहू का? कोपरा चालेल रे. सकाळी लवकर निघून जाईन."
म्हटलं, आईला चालणार नाही. आईला विचारलंय कुणी? गातो चांगला म्हणून घरात आणून डोक्यावर बसवायचा का?
सलीम म्हणाला, "इधर कारखान्यातच झोपू दे ना यार." तेही मीच नको म्हटलं. सामान असतं.

१० डिसें.
कालची टेप ऐकली. रेकॉर्डर चालूच राहिला होता. फि.चं सगळं मागणं आलंय, "कोपरा चालेल रे" सकट. अंगावर काटा आला. गाण्यात इतकं खरं कधी मागत नाही गाढव. माझा नकार कापून टाकला. हे आता पहिल्या गाण्याआधी घालणार. त्याला कशाला सांगायचं.

१६ डिसें., शुक्र.
फि. एसटी स्टँडवर झोपतो. घसा बसलाय. शेवटचा पाळणा तीनदा बिघडवला. म्हटलं, "भीक मागताना बरा आवाज लागतो तुझा." चौथ्यांदा गायला तेव्हा सलीमचे डोळे भरले. माझेही, पण ते इथेच.

२३ डिसें.
फि. आलाच नाही. सलीमला सुरुवात ऐकवली. त्याने टेप बंद केली. "ये तूने क्या किया? त्याला विचारलंस?"
म्हटलं, कलेत असं विचारत बसत नाहीत.
"मग तुझं 'नाही' कुठाय यात?"
ड्रम गुंडाळून ठेवले आणि नमाजाला गेला.

२५ डिसें., रवि.
फि. केक घेऊन आला. सध्या अकलोलीला मावशीकडे असतो. आईने चहा टाकला, चौकशी केली. म्हणाली, "अरे, आमची माडी रिकामीच पडलीय. सुधीरला बोलायचंस की."
तो माझ्याकडे बघत राहिला. हसला नाही. मग म्हणाला, "कॅसेट झाली ना? लाव. आईंनापण ऐकव."
शोधतो म्हणून आत आलोय. कॅसेट हातातच आहे. बाहेरून आई हाक मारतेय, चहा निवतोय म्हणून.